न उच्चारलेल्या दोन शब्दांचा खटला

एखाद्या गाण्यावर खटला भरला जातो, त्याचे निकालपत्र लिहिले जाते, त्यावर माहितीपट निघतो, अभ्यासकांच्या ग्रंथांत त्याची चर्चा होते. आणि या सर्व काळात ते गाणे काय म्हणते हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. 'जूडास प्रीस्ट' या इंग्लिश हेवी मेटल बँडने गायिलेल्या 'बेटर बाय यू, बेटर दॅन मी' या गाण्याच्या वाट्याला नेमके हेच आले. १९९० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील नेवाडा राज्यात, रीनो येथील न्यायालयात हे गाणे आरोपी म्हणून उभे होते. तेव्हापासून लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासात या खटल्याचा उल्लेख वारंवार येतो, आणि बहुधा एक हास्यास्पद प्रकरण म्हणून येतो. उलटी फीत वाजवून तीत सैतान शोधणारे अडाणी पालक एका बाजूला आणि सुजाण आपण दुसऱ्या बाजूला, अशी ही सोयीची मांडणी आहे. ती मला मान्य नाही. त्या न्यायालयात गाण्याचे जे झाले, ते आपल्या वर्गांत आणि चर्चासत्रांत संहितांचे रोज होत असते, असा प्रस्तुत लेखाचा दावा आहे.

प्रथम घटना. २३ डिसेंबर १९८५ रोजी रीनोलगतच्या स्पार्क्स या गावी १८ व २० वर्षांच्या दोन तरुणांनी बिअर आणि गांजा यांच्या सोबतीने कित्येक तास जूडास प्रीस्टची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि त्यानंतर दोघांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. एक तत्काळ मरण पावला. दुसरा अत्यंत विद्रूप अवस्थेत वाचला आणि १९८८ मध्ये गेला. मागे उरलेल्या त्या तरुणाने आपल्या मित्राच्या आईला पत्र लिहिले होते. दारू आणि हेवी मेटल संगीत यांनी आपणांस भारून टाकले होते, असा त्या पत्राचा आशय होता. दोन्ही कुटुंबांनी बँडवर आणि सीबीएस या ध्वनिमुद्रण कंपनीवर दावा लावला. या प्रकरणाची थट्टा करणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये. 'या संगीताने मला काहीतरी केले', असे सांगणारा श्रोता त्यात आहे. त्याची उपपत्ती चुकीची असेल. त्याचा अनुभव खोटा होता असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दाव्याने जे वळण घेतले त्यामागे कायद्याचा एक पेच होता. सप्टेंबर १९८५ मध्ये गाण्यांतील शब्दांविषयी अमेरिकन सेनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली होती. 'पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर' या संघटनेने आक्षेपार्ह ठरविलेल्या १५ गाण्यांच्या यादीत जूडास प्रीस्टचेही एक गाणे होते. त्याच सुमारास ऑझी ऑस्बर्न यांच्या 'सुइसाइड सोल्यूशन' (१९८०) या गाण्यावरून कॅलिफोर्नियात दावा चालू होता. या गाण्याच्या शीर्षकातच श्लेष आहे. 'सोल्यूशन' म्हणजे उपाय आणि 'सोल्यूशन' म्हणजे द्रावण. बाटलीतली दारू हेच सावकाश मरणाचे द्रावण, असा त्याचा रोख आहे. श्लेष न कळलेल्यांनी ते मरणाचे आवाहन ठरविले. परंतु तेथील अपील न्यायालयाने १९८८ मध्ये दावा फेटाळला, कारण गाण्यातील शब्दांना अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण आहे. थोडक्यात, जे उघड म्हटले आहे त्यावर खटला चालणार नाही, हे स्पष्ट झाले.

मग उरले ते न म्हटलेले. रीनोच्या फिर्यादींनी गाण्याच्या शब्दांकडे पाठ फिरविली आणि जाणिवेच्या उंबरठ्याखाली दडविलेल्या संदेशाचा मुद्दा पुढे आणला. न्यायाधीश जेरी कार व्हाइटहेड यांनीही अशा छुप्या संदेशाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे ठरविले. श्रोता ज्याला जाणीवपूर्वक सामोरा जाऊ शकत नाही, त्याचा स्वीकार वा नकार तो करूच शकत नाही, असा त्यामागील विचार होता. हा विचार तर्काला धरून आहे. पण त्याचा परिणाम विलक्षण झाला. गाण्याचा जो भाग श्रोत्याला ऐकू येतो तो सबंध भाग न्यायालयाच्या दृष्टीने अप्रस्तुत ठरला, आणि जो ऐकू येत नाही तेवढाच विचारार्ह उरला. आपल्याकडे मर्ढेकरांच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात ते निर्दोष सुटले. पण तेथे निदान छापलेले शब्द आरोपी होते. येथे शब्द सुटले आणि शब्दांमागचा श्वास पकडला गेला.

'श्वास' हे रूपक नव्हे. गाण्याच्या ध्रुवपदात 'डू इट', म्हणजे 'करून टाक', हे दोन शब्द पुनःपुन्हा दडविलेले आहेत, असा फिर्यादींचा आरोप होता. गायक रॉब हॅलफोर्ड यांनी न्यायालयात प्रत्यक्ष गाऊन दाखविले, की ओळ संपताना जोराने बाहेर पडणाऱ्या श्वासाचा तो आवाज आहे. उलट्या वाजविलेल्या फितीतून वाटेल ते ऐकू येते हे दाखविण्यासाठी त्यांनी आपल्याच गाण्यांचे तुकडे उलटे वाजवून त्यांतून निरर्थक, हास्यास्पद वाक्ये काढून दाखविली. फिर्यादींच्या बाजूने साक्षीला आलेले विल्सन ब्रायन की हे १९७३ च्या 'सब्लिमिनल सिडक्शन' या पुस्तकाचे लेखक. बिस्किटांवरही छुपे शब्द असतात, अशी त्यांची श्रद्धा. २४ ऑगस्ट १९९० रोजी निकाल लागला. दावा फेटाळण्यात आला. मूळ फिती वेळेवर न दिल्याबद्दल सीबीएसला मात्र ४०,००० डॉलरचा भुर्दंड पडला. निकालातील कारणमीमांसा पाहण्यासारखी आहे. ते शब्द ऐकू येऊ शकतात, हे न्यायाधीशांनी मान्य केले. परंतु गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा आवाज यांच्या योगायोगाने झालेल्या मिश्रणातून ते उद्भवले आहेत, ते हेतुपुरस्सर घातलेले नाहीत, आणि त्यांमुळेच मृत्यू घडले हेही सिद्ध झालेले नाही.

साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाने येथे थबकले पाहिजे. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ च्या निबंधात लेखकाच्या हेतूवरून कृतीचा अर्थ वा मूल्य ठरविणे हा दोष मानला, आणि १९४९ च्या निबंधात वाचकावर झालेल्या परिणामावरून ते ठरविणे हाही दोषच मानला. रीनोचा निकाल नेमक्या याच दोन प्रश्नांवर उभा आहे: हेतू होता काय, आणि परिणाम झाला काय? या दोन प्रश्नांमध्ये असलेली जी कृती, तिचा विचार करण्याचे न्यायालयाला कारणच पडले नाही. न्यायालयाला ते क्षम्य आहे. हेतू आणि कार्यकारणभाव हीच कायद्याची भाषा असते. पण आता उलट बाजूने पाहू. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला, आणि पुढे आपल्या विद्यापीठांतही ती द्वाही मोठ्या उत्साहाने फिरविण्यात आली. ज्यांनी ती फिरविली त्यांना या न्यायालयात साक्षीला बोलावले असते, तर त्यांनी काय सांगितले असते? हेतू अप्रस्तुत आहे. अर्थ वाचकापाशी जन्मतो. वाचकाला 'करून टाक' ऐकू आले, तर संहितेत ते आहे. म्हणजे ही साक्ष फिर्यादींच्या बाजूची झाली असती! बँडला वाचविले ते लेखकाच्या हेतूच्या जुन्यापुराण्या कल्पनेने. ज्या सिद्धांताला आपण मुक्तिदायी म्हणून शिकवितो, तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या कलावंताच्या काय कामाचा, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे कधी ठेवला जातो काय?

कोणी म्हणेल, हा अतिरेक झाला. गंभीर समीक्षा आणि बिस्किटांवरचे छुपे शब्द यांची तुलना कशी होईल? तपशिलात नाहीच. परंतु पद्धतीत ती होते, आणि मुद्दा पद्धतीचा आहे. पॉल रिकर यांनी १९६५ मध्ये मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना संशयाचे आचार्य म्हटले. जे दिसते ते आवरण आहे, सत्य त्याच्या खाली दडपलेले आहे, ही त्यांची शिकवण. त्यांच्या हाती ती शिकवण मोठी होती, कारण आवरणाचा धागान्‌धागा त्यांनी तपासला होता. फ्रॉइडने स्वप्नाचा अर्थ सांगण्यापूर्वी स्वप्न सविस्तर लिहून काढले. पण ही पद्धत जेव्हा सवय बनते, तेव्हा आवरण तपासण्याचे कष्टही संपतात. आशय आधीच ठाऊक असतो. तो कोणत्याही संहितेतून निघतो. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी या जाहिराततज्ज्ञाने, चित्रपटगृहात पडद्यावर क्षणार्धाचे छुपे संदेश झळकावून खाद्यपदार्थांचा खप वाढविल्याचे जाहीर केले; पुढे १९६२ मध्ये ती एक बनवाबनवी असल्याचे त्यानेच कबूल केले. तरीही लोकांचा विश्वास उडाला नाही. १९८५ मध्ये व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की उलट्या फितीतील वाक्यांचा अर्थ ऐकणाऱ्याला लागत नाही. पण काय ऐकायचे हे आधी सांगितले, तर ते बहुतेकांना तेथे ऐकू येते. आपल्या किती प्रबंधांची रचना अशीच आहे! पहिल्या प्रकरणात काय ऐकायचे ते सांगायचे, उरलेल्या प्रकरणांत ते ऐकू आल्याचे नोंदवायचे.

या सवयीला आपलीच परंपरा उत्तर देते, आणि ते उत्तर आपण फक्त परीक्षेपुरते वापरतो, याचे दुःख वाटते. आनंदवर्धनाइतका अनुक्त अर्थाचा कैवारी दुसरा कोण? काव्याचा आत्मा ध्वनी, असे त्याने म्हटले. परंतु त्याच्या 'ध्वन्यालोका'तच दिव्याचा दृष्टान्त आहे: ज्याला प्रकाश हवा तो दिव्याच्या ज्योतीची निगा राखतो, तसे ज्याला व्यंग्य अर्थ हवा त्याने वाच्य अर्थाचा आदर केला पाहिजे. व्यंजना वाच्यार्थातून उमलते. त्याला वळसा घालून कोठून तरी खालून घुसत नाही. शिवाय ती सहृदयाच्या जाणिवेत प्रत्ययाला येते. जाणिवेला न कळता काम करणारा अर्थ हा ध्वनी नव्हे. तो फार तर विषप्रयोग. सब्लिमिनल संदेश आणि व्यंग्यार्थ यांतला हा भेद नवव्या शतकातील काश्मिरात जितका स्पष्ट होता, तितका विसाव्या शतकातील रीनोत नव्हता. पाश्चात्त्य विद्यापीठांतही गेल्या काही वर्षांत संशयी वाचनाविषयी संशय निर्माण झाला आहे. २००९ मध्ये बेस्ट आणि मार्कस यांनी पृष्ठभागाच्या वाचनाचा पुरस्कार केला आणि २०१५ मध्ये रीटा फेल्स्की यांनी चिकित्सेच्या मर्यादांवर ग्रंथ लिहिला. तेव्हा आता तरी हे म्हणण्यास हरकत नसावी.

मग गाणे काय म्हणते? ते मुळात जूडास प्रीस्टचे नव्हेच. गॅरी राइट यांनी लिहिलेले हे गाणे 'स्पूकी टूथ' या बँडने १९६९ मध्ये गायिले. १९७८ च्या 'स्टेन्ड क्लास' या ध्वनिमुद्रिकेत काहीतरी अधिक खपणारे असावे, या कंपनीच्या आग्रहातून ते तीत आले. त्याचा निवेदक एका त्रयस्थाला विनवितो आहे: माझ्या मनातले तिला तू सांग, मला शब्द सापडत नाहीत, माझ्यापेक्षा तुझ्याकडूनच ते बरे सांगितले जाईल. म्हणजे हे एक दूतकाव्य आहे, आणि तेही अशा माणसाचे ज्याच्यापाशी शब्द नाहीत. प्रेमगीतांच्या मानाने हा प्रसंग नवा नाही, आणि गीत म्हणून त्याची गुणवत्ता फार मोठी आहे असेही मी म्हणणार नाही. पण हॅलफोर्ड यांच्या मुखी ते आले, तेव्हा एक विसंगती निर्माण झाली. हेवी मेटलमधील अत्यंत समर्थ आवाजांपैकी एक आवाज, 'मला बोलता येत नाही' असे सांगतो आहे. गिटारची ताकद, तालाचा जोर आणि कबुली मात्र असमर्थतेची. ओळ संपते आणि शब्दाच्या जागी जोराचा उच्छ्वास येतो. ज्याला बोलता येत नाही त्याचा श्वासच तेवढा उरतो. नेमक्या त्या श्वासात न्यायालयाने दोन शब्द शोधले! शब्द न सापडणाऱ्या माणसाच्या गाण्यात शब्द पेरल्याचा आरोप व्हावा, आणि हा विरोधाभास नोंदविणारा समीक्षकही विरळाच निघावा, याला काय म्हणावे?

आता बचाव करणाऱ्यांकडे वळू. कारण गाण्याचे मित्र त्याच्या शत्रूंपेक्षा फारसे चांगले निघाले नाहीत. छुपे संदेशच घालायचे असते तर आमच्या ध्वनिमुद्रिका अधिक विकत घ्या असा संदेश घातला असता, असे बँडच्या व्यवस्थापकांनी म्हटले. विनोद चांगला आहे, आणि न्यायालयात तो उपयोगीही पडेल. पण त्याचा अर्थ असा, की हा माल आहे, माल ग्राहकाला मारीत नसतो. हे केवळ मनोरंजन आहे, त्याचा कोणावर परिणाम होत नाही, असा युक्तिवाद करून कलावंत सुटतो खरा, पण कला हरते. जे गाणे श्रोत्याला जगण्याचे बळ देते असे त्याचे चाहते सांगतात, ते गाणे कोणाला काहीच करू शकत नाही, हे त्याच तोंडाने कसे म्हणता येईल?

अभ्यासकांची तऱ्हा वेगळी. डीना वाइनस्टाइन यांचा १९९१ चा समाजशास्त्रीय ग्रंथ आणि रॉबर्ट वॉल्सर यांचा १९९३ चा 'रनिंग विथ द डेव्हिल' हे या क्षेत्रातील आधारग्रंथ. वॉल्सर हे स्वतः संगीतज्ञ. त्यांनी आवाज, गिटार आणि विकृत केलेला ध्वनी यांचे प्रत्यक्ष विश्लेषण केले, म्हणून त्यांचा ग्रंथ टिकला. पण त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी तेवढे कष्ट घेतले नाहीत. त्यांना 'प्रतिकार' हवा होता, आणि तो त्यांना मिळाला. एक उदाहरण पुरे. १९९८ मध्ये हॅलफोर्ड यांनी दूरचित्रवाणीवर आपण समलिंगी असल्याचे सांगितले. लगेच त्यांच्या चामड्याच्या आणि साखळ्यांच्या वेशाची किल्ली सापडल्याचा आनंद झाला. तो वेश म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दडविलेली कबुली ठरली. २०२० मध्ये 'कन्फेस' या आत्मचरित्रात हॅलफोर्ड यांनी ही उपपत्ती साफ झिडकारली. कलावंताने नाकारले म्हणून अर्थ रद्द होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुरावा काय होता, हा प्रश्न राहतोच. फिर्यादींनी श्वासात आज्ञा ऐकली, अभ्यासकांनी वेशात कबुली पाहिली. हेतू भिन्न, पद्धत तीच.

परिणामाच्या प्रश्नाला समीक्षकाने बगल देऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे. खटल्यात बचावपक्षाने त्या तरुणांच्या आयुष्यातील हिंसा, व्यसने, शाळेतील अपयश यांकडे बोट दाखविले. ते योग्यच होते. पण त्यातून गाणे आपोआप निरर्थक ठरत नाही. उलट, अशा आयुष्यात हे संगीत कोणती जागा व्यापीत होते, हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ज्यांना स्वतःचे सांगण्यास शब्द नव्हते, त्यांनी शब्द नसलेल्याचे गाणे मोठ्या आवाजात पुन्हापुन्हा ऐकले. ते आज्ञा पाळीत नव्हते. त्यांच्या वतीने कोणीतरी बोलत आहे, असे त्यांना वाटत असावे. गाण्यातील निवेदक दूत शोधतो. श्रोत्याला गाणे हाच दूत वाटतो. हा दूत निरोप पोहोचवितो की नाही, आणि न पोहोचविल्यास काय होते, हे न्यायालय विचारणार नाही. मानसशास्त्रज्ञ ते दुसऱ्या भाषेत विचारील. कृतीच्या भाषेत ते विचारणे हे समीक्षेचे काम आहे. डेव्हिड व्हॅन टेलर यांच्या 'ड्रीम डिसीव्हर्स' (१९९२) या माहितीपटाने या प्रकरणातील माणसे समोर आणली; गाण्याचे वाचन मात्र बाकी राहिले.

लोकप्रिय संस्कृती हा आता अनेक विद्यापीठांत अभ्यासाचा विषय झाला आहे. त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो सिद्धांताच्या दोन परिच्छेदांनंतर 'प्रतिकार', 'वर्चस्व', 'ग्राहकीकरण' यांपैकी एक शब्द गाण्यावर चिकटविण्याला. विद्यार्थ्याने प्रथम गाणे ऐकावे, त्याचे शब्द लिहून काढावेत, कोण कोणाशी बोलतो आहे ते सांगावे, आवाज शब्दांना दुजोरा देतो की छेद देतो ते दाखवावे. त्यानंतर त्याने हवा तेवढा संशय घ्यावा. १९९० मध्ये एका न्यायाधीशाला उच्छ्वास आणि गिटार यांचे मिश्रण वेगळे करून ऐकावे लागले. त्याने ते केले, कारण दोन मृत्यूंचा प्रश्न होता. कवितेची वा गाण्याची ओळ वाचताना एवढे कान देण्यासाठी आपल्याला कोणाच्या मृत्यूची वाट पाहावी लागू नये.